साउंड, एवढंच

बोलण्याच्या बाबतीत सिगर्ड फ्लेट फार काटकसरी माणूस. लग्नात पाद्रीबुवांनी "हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का?" असं विचारलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली, आणि "तोंडाने म्हणावं लागेल" असं बजावल्यावर तो "ह्म्" म्हणाला. हे "ह्म्" कायद्यात बसतं की नाही, यावर ग्रुनसे बेटावर अजून दोन तट आहेत. जेसिनाने ते बसवून घेतलं होतं आणि त्याच्या भरवशावर सगळा जन्म काढला होता.

त्यामुळे त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या रेडिओतून नवऱ्याचा आवाज आला तेव्हा ती आधी दचकली ती तो बोलला म्हणून. काय बोलला हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

"साउंड."

एवढंच. आधी खरखर, मग हा शब्द, मग पुन्हा खरखर, आणि मग खरखरही नाही.

जेसिनाच्या हातात बॅनक, म्हणजे सातूची जाड भाकरी, उलटायचं उलथनं होतं. ते तसंच धरून ती रेडिओकडे बघत राहिली. बोटींच्या आपसातल्या गप्पा घरच्या रेडिओवर ऐकू येत, पण घरून उलट काही विचारायची सोय नव्हती. घरच्या रेडिओला कान असतात, तोंड नसतं. "काय साउंड?" असं तिने तरीही विचारलं. रेडिओने दाद दिली नाही. तव्यावरचा बॅनक मात्र करपला.

खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. सकाळी समोरचं मोठं बेट, त्यावरची पवनचक्की, तिथल्या वाळत घातलेल्या चादरीसुद्धा मोजता येत होत्या. आता स्वतःच्या अंगणातली कोंबड्यांची खुराडीही गेली होती. धुकं आलं की ग्रुनसेवर जग दाराच्या उंबऱ्याशी संपतं.

सिगर्ड वळू आणायला गेला होता. बेटाचा जुना वळू हिवाळ्यात मेला, गाई ताटकळल्या, आणि शेवटी डेव्हो रेंडलने खटपट करून मोठ्या बेटावरून एक काळाभोर अँगस वळू ठरवला. त्याच्या कागदांवर त्याचं नाव तीन ओळींत लिहिलेलं होतं. डेव्हो त्याला न बघताच "जावईबापू" म्हणू लागला होता. जावईबापूंना आणायचं तर रुंद बुडाची नाव हवी, आणि ती नाव चालवणारा एकच माणूस. त्याने गेल्या वर्षी जेसिनाला वचन दिलं होतं की आता गुरं नेणं-आणणं बंद, गुडघा दुखतो. वचन म्हणजे अर्थात "ह्म्".

"तू ह्म् म्हणाला होतास," सकाळी जेसिना म्हणाली.

"ह्म्," सिगर्ड म्हणाला आणि बूट चढवू लागला.

"धुकं येणार आहे. माझ्या मनगटाला कळतं."

सिगर्डने तिच्या मनगटाकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि टोपी घातली.

"मग जा! आणि त्या वळूबरोबरच संसार कर! तोही तुझ्याएवढंच बोलतो!"

हे शेवटचं वाक्य आता जेसिनाला काट्यासारखं सलत होतं.

ग्रुनसेवर दुसऱ्याचं बोलणं रेडिओवर कोणी ऐकत नाही. सगळ्यांचे रेडिओ दिवसभर बोटींच्या गप्पांवर लावलेले असतात ते निव्वळ आतल्या दिव्यांना दमट हवा लागू नये म्हणून. तेव्हा त्या एका शब्दानंतर चहाचं आधण यायच्या आत डेव्हो रेंडल दारात उभा राहिला, हा योगायोग. आणि त्याच्या मागोमाग, काठी टेकत, बगलेत जाडजूड शब्दकोश घेऊन मिस इस्बिस्टर आल्या, हाही योगायोग.

"इथून चाललोच होतो," डेव्हो म्हणाला.

"धुक्यात? कुठे?" जेसिनाने विचारलं.

"असंच. काही... खबरबात?"

"तू ऐकलंस ना?"

"मी कुठे ऐकतो? पण 'साउंड' म्हणाला ना तो?"

"डेव्हिड, बूट," मिस इस्बिस्टर म्हणाल्या.

अठ्ठावन्न वर्षांच्या डेव्हो रेंडलने निमूट बूट काढले. मिस इस्बिस्टरनी बेटावरच्या साऱ्या पोरांना शिकवलं होतं, आणि त्या शाळेतून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून कोणी पास झालंय असं त्यांना वाटत नव्हतं.

"हे बघ जेसिना," डेव्हो मोज्यांवर आत येत म्हणाला, "काळजीचं कारण नाही. उलट आनंदाची गोष्ट आहे. गुरांच्या बाजारात साउंड म्हणजे काय? धडधाकट. चारी पाय शाबूत, छाती भरलेली, डोळा स्वच्छ. सिगर्डने मला निरोप दिलाय. जावईबापू ठणठणीत."

"माझा नवरा धुक्यात हरवलाय आणि तुला वळूच्या पायांची पडलीय?"

"मला नाही, त्याला पडलीय. त्यानेच सांगितलं."

"सिगर्ड असल्या गोष्टी सांगायला रेडिओ चालू करणार नाही. मुलगा झाला तेव्हा त्याने आईला कळवलं नव्हतं. दोन वर्षांनी मुलगा स्वतःच तिच्या दारात गेला तेव्हा तिला कळलं."

ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

मिस इस्बिस्टरनी शब्दकोश टेबलावर ठेवला. टेबल किंचित वाकलं. "शांतपणे विचार करू," त्या म्हणाल्या. "साउंड हा एक शब्द नाहीच. चार शब्द आहेत. चार गावांहून चार माणसं यावीत, चौघांनी नेमका एकच कोट घातलेला असावा, तसं झालंय. डेव्हिड म्हणतो तो एक. धडधाकट. तो जुना इंग्रजी. जर्मन लोकांकडे त्याचा सख्खा भाऊ अजून आहे. दुसरा, पाणी. दोन बेटांमधलं चिंचोळं पाणी."

"म्हणजे तो साउंडमध्ये आहे," जेसिना म्हणाली. "ते मला माहीत आहे. त्याला दुसरं कुठे जाता येतं?"

"तिसरा, आवाज. तो फ्रान्समार्गे लॅटिनहून आला. आणि गंमत म्हणजे त्याच्या शेवटी 'ड' नव्हताच. लोकांनी बोलता बोलता चिकटवला, आणि मग कोणी काढायच्या भानगडीत पडलं नाही."

"मग आता काढा," डेव्हो म्हणाला, "तेवढाच एक गुंता कमी."

"आणि चौथा." इथे मिस इस्बिस्टर थांबल्या. चष्मा काढून पुसू लागल्या. त्या चष्मा पुसू लागल्या की पुढचा प्रश्न अवघड असतो, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं.

"बोला ना," जेसिना म्हणाली.

"चौथा म्हणजे दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मापणं. तोही फ्रेंचांकडून आला. काही जण म्हणतात, त्यांनी तो आपल्याच लोकांकडून नेला आणि पुन्हा आपल्यालाच विकला."

"सिगर्डकडे शिशाची दोरी आहे," डेव्हो हळूच म्हणाला.

"आहे ना," जेसिना म्हणाली. "खुंटीला असते. ती कधी काढतो तो? पायाखालचा दगडन् दगड त्याला पाठ आहे. तो खोली कशाला मापेल?"

उत्तर तिला माहीतच होतं. आपण कुठे आहोत हे ज्याला कळत नाही तो शिसं टाकतो. आणि साउंडच्या पश्चिम तोंडाशी पाण्याखाली वासरू नावाचा खडक होता. नाव लाडाचं होतं. खडक नव्हता. त्याच्या पलीकडे थेट अमेरिकेपर्यंत पाणी.

जेसिनाने उलथनं खाली ठेवलं.

"भरती कधी फिरते?"

डेव्होने घड्याळ बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं, जणू धुकं काही वेगळी वेळ सांगेल. "आत्ता पाणी आत येतंय. थोड्या वेळाने थांबेल. मग..."

"मग बाहेर ओढेल," जेसिना म्हणाली.

पोस्टातल्या मेबेलने टेलिफोन करून बचावनौका मागवली होती. ती निघालीही होती, पण त्या धुक्यात तीसुद्धा आंधळ्यासारखी चाचपडत येणार. पाणी फिरायच्या आत ती पोचेल असं कोणी म्हणत नव्हतं. पोचणार नाही असंही कोणी म्हणत नव्हतं. ग्रुनसेवर वाईट गोष्ट म्हणायची पद्धत नाही. तिच्याभोवती फिरत राहायचं, चहा प्यायचा.

जेसिनाने चहा दिला नाही, एवढ्यावरून गोष्ट किती गंभीर होती ते समजावं.

"मला अर्थ नकोत," ती म्हणाली. "मला नवरा हवाय. या चारांतला एकच असा आहे की आपण इथे बसून त्याचं काही करू शकतो. पाणी मी हलवू शकत नाही. वळूचे पाय माझ्या हातात नाहीत. खोली तो मापतोय तर मापू दे. पण आवाज मी करू शकते."

तिने भिंतीवरची मोठी कढई काढली, हातात लाकडी रवी घेतली आणि डोक्याला रुमाल न बांधता बाहेर पडली. हे लग्नानंतर पहिल्यांदाच.

पुढे जे झालं ते ग्रुनसेच्या इतिहासात झालेलं नव्हतं. मेबेलने टेलिफोनवरून घरोघर कळवलं आणि सगळ्या बेटाने मनावर घेतलं. एरवी इथे मोठ्याने शिंकणाऱ्याकडेही लोक वळून बघतात. पाद्रीबुवांनी चर्चची घंटा धरली ती सोडेनात. वरच्या वाडीवर दुधाचे कॅन बडवायला सुरुवात झाली. कोणीतरी युद्धात उरलेली हवाई हल्ल्याची शिट्टी काढली. तिला इतक्या वर्षांनी संधी मिळाली होती, तिने कसूर केली नाही. स्कॉले बंधू आपापलं फिडल आणि अकॉर्डियन घेऊन चढणीवर उभे राहिले, आणि कोणतं गाणं वाजवायचं यावर एकमत न झाल्यामुळे दोघांनी दोन वाजवली. कुत्रे भुंकू लागले. कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडून आरडाओरड केली.

धक्क्यावर उभी राहून जेसिना कढई बडवत होती. मग ती थांबली. कान दिले.

धुक्यात आवाजाला दिशा राहत नाही. डावीकडची घंटा उजवीकडून येत होती. दुधाचे कॅन चक्क समुद्रातून वाजत होते. सगळं बेट गोल फिरत होतं आणि मध्ये ती उभी होती.

"बंद करा!" ती ओरडली. "मेबेल! सगळ्यांना सांग, बंद करा! त्याला वाटेल धक्का चारी बाजूंना आहे!"

घरोघर कळवून धक्क्यावर आलेली मेबेल पुन्हा पोस्टाकडे पळाली. एकेक आवाज विझत गेला. सगळ्यांत शेवटी पाद्रीबुवांची घंटा थांबली. त्यांना टेलिफोन नव्हता, माणूस पाठवावा लागला. माणसाने सांगितल्यावरही त्यांनी दोन टोले जास्त दिले.

आता फक्त जेसिनाची कढई. ठण्. ठण्. ठण्. मग थांबायचं, ऐकायचं. धक्क्याच्या खांबांना पाणी चुबुकचुबुक लागत होतं. बाकी काही नाही. पुन्हा ठण्. हात भरून आले तेव्हा डेव्होने रवी घेतली. तो गुरांच्या बाजारातला माणूस, त्याने कढईला पोचा पाडला. जेसिनाने ते बघितलं आणि ती काही बोलली नाही. डेव्होला त्याचंच जास्त भय वाटलं.

"वहाण हलायला लागलीय का बघ," जेसिना म्हणाली.

धक्क्याजवळ समुद्री शेवाळाचे लांब पट्टे पाण्यात आत झुकलेले असतात. भरती थांबली की ते सरळ उभे राहतात, आणि ओहोटी लागली की बाहेर वळतात. त्यांना ग्रुनसेवर वहाणा म्हणतात. डेव्होने वाकून बघितलं. वहाणा उभ्या होत्या. कुठेच झुकल्या नव्हत्या.

पाणी थांबलं होतं.

"जेसिना," मागून मिस इस्बिस्टर म्हणाल्या. त्या घरी गेल्या नव्हत्या. मोठा लोकरी कोट, त्यावर शाल, आणि शालीत गुंडाळलेला शब्दकोश, त्याला धुकं लागू नये म्हणून. "एक सांगायचं राहिलं."

"आता नको, मिस इस्बिस्टर."

"थोडंच आहे."

"तुमचं थोडं मला ठाऊक आहे. सातवीत असताना तुम्ही 'थोडंच आहे' म्हणालात आणि आम्ही जेवायला घरी गेलोच नाही."

"पाण्याच्या साउंडचं मूळ सांगायचं राहिलं," मिस इस्बिस्टर आपल्या ठाम आवाजात म्हणाल्या. शिकवायला लागल्यावर त्यांना थंडी वाजत नसे. "तो नॉर्स लोकांचा शब्द. त्यांच्याकडे त्याचा अर्थ आधी पाणी नव्हताच. अर्थ होता पोहणं. जे पाणी पोहून पार करता येतं ते साउंड. बाकीचा तो समुद्र."

जेसिनाने त्यांच्याकडे बघितलं.

"सिगर्डला पोहता येत नाही," ती म्हणाली. "इथल्या कुठल्या नावाड्याला येतं? पाणी इतकं गार आहे की शिकून उपयोग काय, असं तो म्हणायचा. म्हणजे तो म्हणाला नव्हता. मीच विचारलं होतं आणि तो ह्म् म्हणाला होता."

मिस इस्बिस्टरच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी हात पुढे केला. जन्मात पहिल्यांदा त्यांना आपण धडा चुकीच्या वेळी घेतला असं वाटलं असावं.

आणि तेवढ्यात डेव्हो रेंडलने रवी खाली टाकली.

"पण वळूला येतं," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या.

"माझा आजा गुरं नावेत चढवायचाच नाही. शिंगाला दोरी बांधायची, नाव वल्हवायची, गुरं मागून पोहत यायची. म्हणून तर साउंड! वळू पोहेल! पाणी थांबलेलं आहे तोवर पोहेल!"

"पण कुठे पोहेल?" जेसिना म्हणाली. "त्याला माझी कढई काय कळणार? तो काय माझ्या बॅनकसाठी येणार आहे?"

डेव्होच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "दूध काढायची वेळ टळून गेलीय," तो म्हणाला. "माझ्या गाई अजून बांधलेल्या आहेत. आचळं तटतटलीत. आणि हिवाळ्यापासून त्यांनी वळूचं तोंड बघितलेलं नाही."

तो मोज्यांवरच धावत सुटला. बूट जेसिनाच्या दारात राहिले होते, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही आणि नंतर त्याने कबूल केलं नाही.

डेव्होच्या गाई धक्क्यावर आल्या त्या आधीच संतापलेल्या होत्या. कोणाचं दूध काढलेलं नव्हतं, सगळ्यांना धुक्यातून हाकललं होतं, आणि पायाखाली गवताऐवजी दगड. त्यांना ओरडायला सांगावं लागलं नाही. आधी एक हंबरली, मग दुसरी, मग सगळ्या. इतका खरा, इतका मनापासूनचा, इतक्या एकाच दिशेचा आवाज त्या दिवशी ग्रुनसेवर झाला नव्हता. जेसिनाच्या कानांचे पडदे फाटायची वेळ आली. तिने कान झाकले नाहीत.

मग डेव्होने सगळ्यांत मोठ्या गाईच्या तोंडावर हात ठेवला, आणि क्षणभर सगळं शांत झालं.

धुक्यातून डुरकी आली.

खोल, जाड, पोटातून निघालेली. उजवीकडून नाही, डावीकडूनही नाही. तिथून. वासराच्या दिशेने, पण वासरापासून अलीकडे. जेसिनाने बोट दाखवलं तेव्हा तिघांचीही बोटं एकाच जागी रोखलेली होती.

"जावईबापू!" डेव्हो किंचाळला.

मग लाकूड मोडल्याचा आवाज. मग काहीतरी अवजड पाण्यात पडल्याचा धबाक्. मग काहीच नाही.

जेसिना धक्क्याच्या टोकाला गेली. पुढे धक्का नव्हता. मिस इस्बिस्टरनी मागून तिचा पदर असता तर पदर धरला असता. तो नव्हता म्हणून त्यांनी कोटाचा पट्टा धरला. गाई हंबरत होत्या. जेसिनाच्या मनात काय चाललं होतं ते तिने कोणाला सांगितलं नाही, आणि आपणही विचारू नये. एवढंच की ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, आणि मिस इस्बिस्टरच्या म्हणण्यानुसार ती प्रार्थना नव्हती. ती नवऱ्याला शिव्या देत होती, वर्णानुक्रमाने.

डेव्होने वाकून बघितलं. वहाणांची टोकं किंचित बाहेर वळायला लागली होती. त्याने सांगितलं नाही.

मग धुकं एका जागी काळं झालं. काळ्याच्या मध्ये दोन पांढरे डोळे आणि एक वाटीएवढी नाकपुडी, आणि नाकपुडीतून इंजिनासारखा फुस्कारा. वळू पोहत होता. डोकं पाण्यावर, मान ताणलेली, गाईंवर नजर. त्याच्या मानेपासून मागे एक दोर ताठ गेला होता, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, एका बाजूची फळी मोडलेली, रुंद बुडाची नाव येत होती. आणि नावेत सुकाणू धरून सिगर्ड फ्लेट उभा होता, जणू नाव चालवायची हीच नेहमीची पद्धत.

नाव धक्क्याला लागली. सगळं ग्रुनसे पुढे धावलं ते वळूकडे. त्याच्या अंगावर घोंगड्या पडल्या, कोणी पेंढ्याने पाय चोळू लागलं, कोणी त्याला घरची बिअर पाजली, स्कॉले बंधूंनी शेवटी एकमताने एकच गाणं सुरू केलं. डेव्हो त्याच्या मानेला मिठी मारून रडत होता.

सिगर्ड शिडीवरून वर आला. भिजलेला, निळा पडलेला, शाबूत. त्याने जेसिनाकडे बघितलं.

जेसिनाने त्याच्याकडे बघितलं. एवढा वेळ तिने जे जे म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं एकदम दाराशी आलं आणि चेंगराचेंगरी झाली.

"टोपी कुठाय?" ती म्हणाली.

"गेली."

"नवी होती."

"ह्म्."

तिने त्याच्या ओल्या बाहीला धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही. वाटेत दोनदा त्याने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पाइप पेटवायला. दोन्ही वेळा तिने बाही आणखी घट्ट धरली. दारातले डेव्होचे बूट ओलांडून दोघं आत आली.

घरात तिने त्याला कोरडे कपडे दिले, शेकोटीपुढे बसवलं, घोंगडीत गुंडाळलं, गरम बिअर दिली, मग करपलेला बॅनक बाजूला करून नवे भाजले. ती सारखी काही ना काही बोलत होती. कोंबड्यांबद्दल, मेबेलबद्दल, डेव्होने पाडलेल्या पोच्याबद्दल. हसत होती. मध्येच उगाच डोळे पुसत होती आणि चुलीच्या धुराला दोष देत होती. चूल कोळशाची होती आणि तिचं धुराडं चांगलं होतं. उशिराने पोचलेल्या बचावनौकेची माणसं शेजारी मेबेलकडे चहा पीत होती, त्यांचं हसणं भिंतीपलीकडून येत होतं. जेसिनाला वाटलं, आज जगातले सगळे आवाज चांगले आहेत.

सिगर्ड खात होता. तुकड्या-तुकड्याने तिने त्याच्याकडून काढून घेतलं: शेवाळ पंख्यात अडकून इंजिन बंद पडलं, नांगर टाकला, तो सरकू लागला, शिसं टाकून बघितलं तर खाली वासरू. मग चहूकडून घंटा, कॅन, शिट्ट्या. "वाटलं, पुन्हा युद्ध लागलं," तो म्हणाला. आणि मग गाई. गाई ऐकल्यावर वळूने फळी मोडली. "दोर मी सोडला नाही," सिगर्ड म्हणाला. "नांगराचा कापला. एवढंच."

एवढी वाक्यं सलग बोलल्यावर त्याला धाप लागली.

जेसिना त्याच्यासमोर बसली.

"सिगर्ड, रेडिओवर तू साउंड म्हणालास."

"ह्म्."

"कुठला साउंड? डेव्हो म्हणतो वळू धडधाकट आहे. मिस इस्बिस्टर म्हणतात चार आहेत, चार गावचे, एका कोटातले. मला वाटलं तू आवाज करायला सांगितलंस. तुला नक्की काय म्हणायचं होतं?"

सिगर्डने घास गिळला. या प्रश्नाला "ह्म्" पुरणार नाही, हे बहुधा त्याला कळलं. त्याने हातातला बॅनक खाली ठेवला.

"बॅटरी संपली होती," तो म्हणाला. "एक शब्द निघेल एवढीच धुगधुगी. म्हटलं, असा निवडावा की सगळीकडे चालेल. मी साउंडमध्ये आहे. धड आहे. खोली मापतोय. आवाज करा." त्याने क्षणभर विचार केला. "दुसरा कुठला शब्द घेतला असता तर बाकीचे तीन वाया गेले असते."

जेसिना बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिला वाटत होतं, हा माणूस बोलत नाही. तो बोलत होता. फक्त घाऊक बोलत होता.

मग तिच्या मनात दुसरंच काही आलं, आणि ते आल्यावर तिच्या हनुवटीला पुन्हा तो जुना ताठा चढला. एवढा वेळ तिला त्या ताठ्याची आठवणही झाली नव्हती. तो परत आलेला बघून तिला बरं वाटलं.

"एकच शब्द निघणार होता," ती म्हणाली, "तर माझं नाव नाही आलं मनात?"

सिगर्डने तिच्याकडे बघितलं.

"तुझ्या नावाचा एकच अर्थ होतो," तो म्हणाला, आणि लोण्यासाठी हात पुढे केला.

जेसिनाने लोणी त्याच्याकडे सरकवलं. हा अपमान होता की दुसरं काही, याचा ती विचार करू लागली. विचार संपत नव्हता, आणि तिला घाई नव्हती. दारावर थाप पडली. मिस इस्बिस्टर आल्या होत्या, शब्दकोशासकट, कुठला साउंड होता ते विचारायला. जेसिनाने दार उघडलं नाही. तिने किटली पुन्हा भरली, चुलीवर ठेवली, आणि दाराकडे पाठ करून, नवऱ्यासमोरच्या खुर्चीत परत येऊन बसली.